आंधळी मोजणी

अल ऐनच्या तळघरात भर दुपारी रात्र पडते.
घड्याळ मीच उलटं लावलंय.
वर सत्तेचाळीस अंश, इथे लाल बल्ब, चोवीस पिंजरे,
इद्रिस भुसा बदलतो, खार्तूमचं काहीतरी पुटपुटत.

या उंदरांच्या अंगात माणसाचं एक अक्षर घातलंय,
कुण्या घराण्यात चुकलेलं.
चौदा महिन्यांत म्हातारे होतात.
मेंदूतल्या बारीक नसांना आतून थर धरतो,
इथल्या पाण्याने किटलीला धरतो तसा,
मग भिंत हळूच झिरपते.
डॉक्टर थुरैया म्हणते, घाण बाहेर जायची वाट तीच,
वाटेतच बसून राहते.
तिच्या गावी फलजचा गाळ काढायला
बारकी पोरं आत सोडायचे.
इथे कोणाला सोडणार?

मी काप घेते, बारा मायक्रॉनचे.
रक्त सांडलं तिथे लोखंड उरतं,
लोखंडावर निळा रंग चढतो,
आणि निळे ठिपके मी मोजते.
कोणाचा काप, ते मला सांगत नाहीत.
यादी थुरैयाच्या कपाटात, किल्ली तिच्या पर्समध्ये.
बरोबरच आहे. डोळा लबाड असतो,
त्याला हवं तेवढंच मोजतो.

आई बावन्नाव्या वर्षी
कणीक मळता मळता खाली बसली.
मामा एकोणपन्नासाव्या.
बीपी, म्हणाले. बीपी नव्हतं.
हेरंबने गेल्या साली रक्त दिलं.
फोनवर म्हणाला, "आहे गं,"
डब्यात साखर आहे म्हणावं तसं.
माझं पाकीट पुण्याहून येऊन पडलंय,
जिऱ्याच्या बरणीमागे.

आणि मी रोज पिल्लांच्या शेपटीचं टोक घेते.
जेलवर दोन पट्ट्या: तुझ्यात आहे.
एक: तुझ्यात नाही.
भावंडं एकाच पिंजऱ्यात, एकमेकांच्या अंगावर झोपलेली.
नाही त्याला कंट्रोल म्हणतात.
मला वाटायचं, हा सुटला.
कुठला सुटतोय?
तीच तारीख, तेच टेबल, तेवढीच भूल.
त्याचाही मेंदू लागतो,
नाहीतर हेरंबचं काय बिघडलं
कळणार कसं?

हेरंबचं म्हटलं मी. उंदराचं.

आज एकशे एकाहत्तरच्या कापांत एकही ठिपका नाही.
इद्रिसला दाखवलं: बघ, कोरा.
"अल्हम्दुलिल्लाह," म्हणाला,
भुशाची पिशवी खाली ठेवली,
"मग हा मेला कशाने?"

मी वहीत शून्य लिहिलं.

घरी किटलीत व्हिनेगर ओतून ठेवलं,
बरणी पुसली, होती तिथेच ठेवली.
रात्री हेरंबचा फोन. नेहमीचाच प्रश्न:
"उंदीर बरे आहेत ना?"
म्हटलं, झोपलेत.
त्यांच्याकडे आता उजेड आहे.