पहिला रकाना

फॉर्म अर्ध्या पानाचाच असतो.
वर नाव, वर्ग, हजेरी क्रमांक,
खाली तीन रकाने : पहिली पसंती, दुसरी, तिसरी.
पेन्सिलनं भरा, मी दरवर्षी बजावते,
खोडता आलं पाहिजे.
आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच,
बाई, मग पेनानं कधी?

ओमाला जपानचं मोठं बेट संपतं.
वर्गाच्या खिडकीखाली ट्यूनाच्या बोटी,
त्यांच्यापुढे सामुद्रधुनी,
आणि हवा निवळलेली असली की पलीकडे हाकोदाते,
इतकं जवळ की तिथल्या दिव्यांवरून
मुलं एकमेकांशी पैजा लावतात.

बाहेरच्यांना वाटतं, पोरं गुणांकडे बघून ठरवतात.
सराव परीक्षेचा निकाल येतो खरा, ए पासून ई पर्यंत :
ए म्हणजे आलंच हातात, ई म्हणजे नाद सोडा.
नारिताला तीनदा ई मिळाला.
तरी पहिल्या रकान्यात तेच नाव,
कारण विद्यापीठ बघायला गेला होता तेव्हा
कँटीनमधल्या बाईंनी
न मागता त्याला दुसऱ्यांदा भात वाढला.
इशिदातेनं एका मुलीची पसंती जशीच्या तशी उतरवली होती.
सप्टेंबरात त्यांचं फिसकटलं.
मी म्हटलं, आता बदल की.
म्हणाला, बाई, आता मलाच आवडायला लागलंय ते.
यावर मी काय बोलणार?
मीही एकदा एक शहर निवडलं होतं
केवळ त्याच्या नावाच्या उच्चारासाठी,
आणि मिळालं दुसऱ्या रकान्यातलं.
त्यातच आयुष्य निघालं, बरं निघालं.

सायो मिकामीचं मात्र सगळं ठरलेलं.
तिची आई फेरीच्या तिकीट खिडकीत बसते.
भेटीला आली ती गणवेशातच, वेळापत्रकच घेऊन :
हाकोदाते, दीड तासाची बोट,
घरच्यांना अर्धं भाडं,
शनिवारी धुणं घेऊन येईल, सोमवारी डबा घेऊन जाईल.
तेवढ्यात बंदरावर भोंगा झाला
आणि आई उठून धावली.

सायो बसून राहिली.
हीटरवरच्या किटलीकडे बघत म्हणाली,
बाई, तिकडून आमचं घर दिसतं.
मी म्हटलं, मग चांगलंच की.
नाही, ती म्हणाली,
आई रात्री स्वयंपाकघराचा दिवा किती वाजता मालवते
ते मला रोज कळेल.
एखाद्या दिवशी लवकर मालवला तर?
उशिरापर्यंत जळतच राहिला तर?
मी वाचायचं कधी?

तीस वर्षांत हे कारण
कुणी मला दिलं नव्हतं.
मी नकाशा काढला. बराच वेळ
आम्ही दोघी खाली खाली उतरत राहिलो,
सफरचंदांचे डोंगर, भातखाचरं, बोगदे,
पार शिकोकूपर्यंत, कोचीपर्यंत,
जिथला समुद्र आमच्याकडे पाठ करून बसलाय.
तिथे तिनं बोट टेकवलं
आणि तसंच ठेवलं.

पुढच्या आठवड्यात आई परत आली.
फॉर्म तिच्यासमोर. सायोची मान खाली.
मी उगाच चहा ओतत राहिले.
आईनं वाचलं. पुन्हा वाचलं.
इथून बोट आहे का तिकडे, विचारलं.
नाही, मी म्हटलं.
रेल्वे तरी सरळ?
चार ठिकाणी बदलावी लागते.

मग तिनं हात पुढे केला : खोडरबर द्या.
सायोनं दिला. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.
आईनं कागद दाबून धरला,
सांभाळून, फाटू नये असा,
आणि कोचीमधलं दुसरं अक्षर तेवढं खोडलं.
घाईत पोरीनं चुकीचं लिहिलं होतं,
उच्चार तोच, अर्थ भलताच.

आईनं ते नीट काढलं,
तिकिटावर गावाचं नाव काढावं तसं,
फुंकर मारून चुरा उडवला
आणि म्हणाली, साडेचारची बोट आहे,
मला निघायला हवं.