हात वर

एप्रिलचा शेवटचा रविवार.
आपेन्झेलच्या चौकात पुरुष दाटीवाटीने उभे,
कमरेला आजोबांची तलवार. तीच त्यांची ओळखचिठ्ठी.
वालबुर्गा वर, बेकरीवाल्यांच्या खिडकीत,
नणंदेच्या खांद्यावरून वाकून बघत.

वरून हात मोजणं सोपं.
खाली निकाल पुकारायच्या आधीच
तिचा आकडा तयार असायचा.
विचारला कुणी नाही.

नव्वद साली प्रश्न होता तिचाच:
बायकांनी चौकात यावं का?
'नको'साठी हात वर झाले,
आणि त्या गर्दीत तिला एक बाही ओळखू आली.
कफाचं बटण आदल्या रात्री तिनेच लावलेलं,
करड्या दोऱ्याने, कारण पांढरा संपला होता.

जेवताना तो म्हणाला, गर्दी फार होती.
ती म्हणाली, सूप गरम आहे, जपून.

मग दूरच्या शहरातून कोर्टाचा निकाल आला.
शेजाऱ्यांनी दिलं नाही ते पोस्टाने आलं,
पिवळं कार्ड, वर तिचं पूर्ण नाव.
पहिल्या वर्षी ती खाली उतरलीच नाही.
लाज होती की राग, तिलाही नीट सांगता येईना.
कार्ड सुयांच्या डबीत राहिलं.

दुसऱ्या वर्षी उतरली.

आपल्याकडे हात वर करणं म्हणजे
अंग काढून घेणं, माझं काही नाही म्हणणं.
तिथे उलटं. हात वर केला
की रस्ता, शाळा, सगळं अंगावर आलं.

विषय साधाच, सांडपाण्याच्या नळाचा.
नळ ओढ्यात सोडायचा, खालच्या वस्तीच्या वर.
नवऱ्याचा हात 'हो'साठी झरकन गेला, सवयीचा.
'नाही' पुकारलं तेव्हा
तिचा उजवा खांदा अडला.
चाळीस वर्षं रुमालांवर पांढऱ्यावर पांढरं भरून
तो कानाच्या वर जातच नव्हता.
मग तिने डाव्या हाताने उजवं कोपर धरलं
आणि पाण्याची घागर उचलावी तसा
तो वर ढकलला.

नळ मंजूर झाला. ती हरली.
खिडकीत आता बेकरीवाल्याची नात होती,
ओठ हलत होते तिचे,
मोजत होती.
वालबुर्गाने हात जरा जास्तच वेळ
वर ठेवला,
सुटता कामा नये म्हणून.