कडेला मार

काच म्हणू नका तिला.
काच फुटते. ही आधी वाकते,
घाव परत पाठवते तुमच्याच कपाळाकडे,
आणि उन्हाळ्यात तर जास्तच मऊ लागते.

हे मी दर बॅचला सांगत आलो,
हडपसरच्या हँगरमागं, एकवीस वर्षं.
तिथं एका बाद ग्लायडरची कॅनॉपी
लोखंडी घोडीवर उलटी बांधलेली आहे.
मधे मारू नका. कडेला मारा,
चौकटीपासून चार बोटांवर,
जिथं तिला वाकायला जागा नाही.
एक भोक, शेजारी दुसरं, मग तिसरं,
पत्रावळीला काड्या टोचतात तशी ओळ.
मग कोपर.

केतकी शिळीमकर पहिल्या दिवशी मारेना.
म्हणाली, तांबोळीमामा, इतकं स्वच्छ काही
फोडायचं कसं? रोज तुम्हीच पुसता ना?
पुसतो. सुती फडक्यानं, सरळ, गोल नाही.
मार.
अकरा घाव लागले तिला.
दुसऱ्या दिवशी मनगटाला आंबेहळद लावून आली.

हत्यार माझ्या हातचं.
जुन्या बाजारात एका रविवारी
ट्रकचा कमानपाटा घेतला, घासाघीस करून एकशेवीसला,
मंगळवार पेठेत एका भट्टीवर त्याला पाणी दिलं.
एकीकडे धार, दुसरीकडे चोच,
दांडा बाभळीचा, वीतभरच,
कारण आत हात मागं नेता येत नाही.
उजव्या मांडीशी खिसा शिवला, दोरी बांधली,
कारण विमान उलटलं की
खाली म्हणजे कुठं, हे माणूस विसरतो.

मग खंडेनवमी आली.
जगतापांनी पाने, पोपट, हातकरवत, ग्रीसची बंदूक
सगळं धुऊन पाटावर मांडलं.
म्हणाले, तांबोळी, तुमची ती कुऱ्हाडही आणा की,
तिची पूजा नको का?
दोरी मीच सोडली.
कुंकू लागलं, झेंडू लागला, छान दिसली.

दसऱ्याच्या सकाळी केतकीचं उड्डाण होतं.
विंचनं वर घेतलं, हुक सुटला,
वारा पडला, ती उतरली पट्टीच्या अलीकडं,
चरात चाक गेलं आणि
विमान सावकाश पाठीवर पडलं,
म्हैस चिखलात लोळते तसं.

मी पळालो. साठीतला माणूस, लुंगीवर.
अर्ध्या वाटेत आठवलं. परत फिरलो.
ते परत फिरणं
अजून माझ्या पिंडऱ्यांत आहे.

ती पट्ट्यांना उलटी लोंबत होती.
लाल मूठ ओढलेली होती, पण चौकट
विमानाच्याच वजनाखाली दाबलेली.
डावा हात रिकाम्या खिशात.
आणि मी, एकवीस वर्षं शिकवणारा,
बरोबर मधोमध मारत होतो.
कुऱ्हाड उडत होती. पाकळ्या उडत होत्या.
पेट्रोल नाही यात, मला माहीत होतं,
तरी नाकाला वास येत होता.

तेव्हा तिनं आतून बोट टेकवलं.
कडेला. चौकटीपासून चार बोटांवर.
ओरडली नाही. टकटक केलं,
दुकानाच्या काचेतून
हे नको, ते दाखवा म्हणतात तसं.

चोच तिथं घातली. एक. शेजारी दुसरं.
तिसऱ्या भोकातून तिचा श्वास ऐकू आला.
कोपर तिचंच आलं बाहेर, आधी.

फुटक्या तुकड्यावर कुंकवाचा डाग होता.
चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं,
रक्त आहे का?
मी नाही म्हणालो. पुढं काय सांगायचं ते सुचेना,
म्हणून खरं तेच सांगितलं.
पगार कापला. बरोबर होतं.

आता खंडेनवमीला पाटावर
कुऱ्हाडीची जागा रिकामी असते.
फूल मी तिच्याकडं नेतो,
खिशापाशी, कॉकपिटात.
जगताप कुरकुरतात, पाकळ्या पेडलात जातील.
खरंय त्यांचं.
म्हणून उड्डाणाआधी वाकून
एकेक वेचून काढतो.
मग दोरी ओढून बघतो.