चिऱ्यावर ठेवलेला सेल

रुझार, सेल नेतोयस तर ने,
पण तसाच खिशात टाकू नकोस.
तिथे स्कूटरची किल्ली आहे, दोन-चार नाणी आहेत,
धातूला धातू भेटला की
मधल्या मांडीला कोण विचारतो.
ही डबी घे. झाकण दाबून लाव.

हातात धर आधी. जड लागतो ना?
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात
नव्वद रुपयांना मिळाला होता एक,
वर छापलेलं, नऊ हजार नऊशे.
घरी येऊन तोलला तर शेवग्याची वाळकी शेंग.
कायतान हसला होता,
वाळपईच्या स्टँडमागे त्याचं ते खोकं,
उघड्या पोटांचे रेडिओ, आणि मधे तो, चष्मा कपाळावर.
"आकड्याला शाई पुरते," म्हणाला,
"वीज ठेवायला पोट लागतं, बाबा."

त्यानेच शिकवलं मीटर धरायला.
लाल टोक इकडे, काळं तिकडे.
अडीचच्या खाली उतरलेला जागवू नये.
फुगलेला ठेवू नये, कितीही जुनी ओळख असली तरी.
दोन्ही तोंडांना चिकटपट्टी लाव, माझ्याकडे आणून दे.
आणि वरचा काठ चार पूर्णांक दोन,
त्यापुढे थेंबभर नाही.

घर बांधताना उरलेला एक चिरा
ओसरीच्या टोकाला पडून आहे,
तांबडा, भोकाभोकांचा.
त्यावर चार्जर. आसपास
पडदा नाही, पेपर नाही, सुकत घातलेली सोलंसुद्धा नाहीत.
शेजारी रेतीची बादली.
लोक विचारतात, काम काढलंय काय?
मी हो म्हणतो.

कारण तेव्हा गादीवर लावला होता.
सालीला टाचणीएवढा छेद, दिसला होता मला,
म्हटलं, आजची रात्र जाईल.
आवाज आधी आला,
कुणी दातांतून श्वास ओढावा तसा.
मग उजेड, टॉर्चमधून कधी निघाला नव्हता इतका.
ओजसीचं दप्तर वीतभर अंतरावर होतं.
वीतभर.
ती आजोळी होती त्या रात्री, डिचोलीला.
शेवंतीने काही विचारलं नाही.
सकाळी अंगणात जळकी गादी पसरली,
पोदेर सायकल थांबवून बघत राहिला,
पाव द्यायचा विसरून गेला.

तेव्हापासून मी बसतो.
एक अँपियर, जास्त नाही. साडेतीन तास.
लाल दिवा, डास, कुणाच्या तरी घरचं भजन,
मधेच लाईट जाते, येते,
मी उठून परत बघतो नीट बसलाय का.
झोपायचं असेल तर काढून ठेवायचा.
एवढं सोपं आहे, आणि एवढंच मला तेव्हा जमलं नव्हतं.

आता जा. पोरं वाट बघत असतील.
ओढा ओलांडल्यावर किंदळाचा पडका ओंडका लागेल,
तिथे सगळ्यांना थांबव
आणि टॉर्च बंद कर.
हो, बंद.
कुणीतरी घाबरेल, कुणीतरी हसेल.
पाच मिनिटं जाऊ देत, दहा,
डोळेही हळूच भरावे लागतात.
मग कुजक्या लाकडावर दिसेल
फिकट, हिरवट, आधी भास वाटेल असं काहीतरी,
बुरशी आहे ती, पावसाळा सरेपर्यंत असते.
माझा चार्जर हिरवा झाला की मी म्हणतो झालं.
तिथे हिरवं म्हणजे अजून चाललंय.

परत आलास की सेल लगेच लावू नकोस.
तापलेला असेल, वर पाणीही असेल थोडं.
पुसून ठेव. निवू दे.
आणि पुढचे आठ दिवस जाणार नसशील
तर अर्धाच भर.
उरलेलं मग बघू, मी जागाच असतो.