नऊ ग्रॅम

ल्युब्लियाना. बाहेर उणे सहा.
रबराच्या अर्धकच्च्या पट्टीला
येर्नेया चिमट्यानं वजन टांगते, नऊ ग्रॅम,
आणि घरी जाते.
रात्रभर आतल्या काड्या
एकाच दिशेला माना वळवत राहतात,
तशाच पिकतात.

सकाळी वजन काढलं.
पट्टी लांबच.

तापवली. नव्वद अंशांवर
काड्यांची पांगापांग,
पट्टी आखडली गोगलगायीसारखी.
निवू दिली:
पुन्हा तेवढीच लांब.
कुणी ओढलं नव्हतं.

वहीत आकडे मांडताना मध्येच
बाप आठवतो, लुद्विक, डोंगरातला पोस्टमन.
सॉनात बसला की सैल, सरळ.
बाहेर बर्फात आला
की डावा खांदा खाली.

सोळाव्या वर्षी अडकवलेली पिशवी
सुटून अकरा वर्षं झाली.