चिठ्ठ्या

आराखडा सोपा होता. एकदाच जायचं,
बावीस प्रश्न विचारायचे,
शून्य ते चार, एका आकड्याभोवती गोल.
मे महिना, गोळीबार चौक, दुपारचे तीन.
बंद पडलेल्या मागावर औषधांच्या पिशव्या टांगलेल्या,
कूलरमध्ये बादली रिकामी करता करता
कांचनबाई हेडाऊ म्हणाल्या,
"आजचं इचारून राह्यली का कालचं?
काल चार होतं.
आज ह्यायनं वाटीभर वरण खाल्लं.
आज एक लिही."

मी एक लिहिलं.
उद्या आले असते तर तीन लिहिलं असतं
आणि दोन्ही खरं.

गाइड म्हणाले, तुलना कुठे आहे?
तेच वय, तीच गल्ली, तेवढंच उत्पन्न,
फक्त घरात अंथरुणाला खिळलेलं कोणी नको.
मी दारं वाजवत गेले.
निमज्यांकडे सिकलसेलचा पोरगा,
हिवाळा आला की त्याची हाडं रडतात.
नंदनवारांकडे डायलिसिस, मंगळवार आणि शुक्रवार.
परातेकाकू म्हणाल्या, आमच्याकडं कोणी नाही बाप्पा,
सारे धडधाकट.
तेवढ्यात आतून कोणीतरी पाणी मागितलं.
"ते तर सासूबाई हायेत.
त्यायचं काय मोजतं?"

मग चिठ्ठ्या.
मेडिकलच्या ओपीडीबाहेर, कडुलिंबाखाली,
माझ्या डब्यात साठ चिठ्ठ्या, पोळ्यांचा वास लागलेल्या.
तिसांना आठवड्याला चार तास एक शिकलेली बाई घरी येणार,
तिसांना सहा महिने थांबायचं.
थांबणाऱ्यांनाही आम्ही मोजणार होतो,
तेवढ्याच काळजीने.

प्रफुल्ल टेंभूर्णे रात्रपाळी करून तसाच आला होता,
आईला शेजारणीकडे बसवून.
त्याने चिठ्ठी उघडली, घडी घातली, पुन्हा उघडली.
"दिवाळीनंतर म्हणता?
तवापर्यंत मी तिला ओळखू येईन का पण?"
संमतीपत्रात या प्रश्नाला ओळ नव्हती.
मी म्हटलं, सही इथे.

कांचनबाईंना मदत निघाली.
तिसऱ्या आठवड्यात तपासणीला गेले
तर मदतनीस बाई तिथे नव्हती,
ती परात्यांकडे, सासूबाईंची वेणी घालत होती.
"मले दोन तास पुरतात," कांचनबाई म्हणाल्या,
"तिची कंबर पार गेली. तिच्या नावानं तं
चिठ्ठीबी नोती तुह्या डब्यात."
गाइडनी चष्मा काढून पुसला.
एक घर बिघडलं म्हणजे आकडे बिघडले. वगळा.
मी वगळलं.
रेघ मारताना हात थोडा वाकडा गेला, एवढंच.

आता मी वर्षभर जाते. दर महिन्याला, त्याच दारी.
या पद्धतीत माणसं गळतात,
पुस्तकात तसं लिहिलेलंच आहे,
शेजारच्या रकान्यात कारण भरायचं असतं:
स्थलांतर, नकार, मृत्यू.
नोव्हेंबरात हेडाऊकाका गेले.
नियमाप्रमाणे त्या घराचा फॉर्म बंद झाला,
काळजी घेणारी उरली नाही,
कारण जिची घ्यायची ते उरलं नाही.

तरी डिसेंबरात पाय तिकडेच वळले.
माग अजून तिथेच, पिशव्या नव्हत्या.
"दोन वाजता जाग येतेच," त्या म्हणाल्या,
"ह्यायची कूस बदलाची सवय.
मंग उशी उलटी करतो अन् झोपतो."
मी विचारलं नव्हतं.
बाविसात हा प्रश्न नाही.

पोहे दिले, वरून तर्री, नको म्हणता म्हणता जास्तच.
मी निघाले तर दारापर्यंत आल्या.
"तो एअरबेड पडून हाये," म्हणाल्या.
"एक डाव पंचर झाला होता, जोडला.
तुही फिरती असते, कोणाले लागत असन तं सांग.
पैसे नोको.
फक्त चिठ्ठ्या नोको टाकू बाई.
ज्याची पाठ सोलून निघाली, त्याले दे."