सायलोवरची मर्ल

काय बघायचं इथं, विचारतात, काच खाली करून.
पेट्रोलची नळी इथं अजून मीच लावतो.
दुसऱ्या हातानं दाखवतो : ते काय.
लपवायचं म्हटलं तरी लपत नाही.
गव्हाच्या सायलोवर तीस मीटर उंच
मर्ल नोस्के, उन्हानं डोळे किलकिले,
पश्चिमेला बघणारी.

रंगवणारा मेलबर्नहून आला, क्रेन घेऊन.
तीन आठवडे पबच्या वरच्या खोलीत राहिला,
कुणाशी भांडला नाही.
वाऱ्यानं दोनदा काम बंद पाडलं.
तिच्या डाव्या भुवईत
काकाकुव्याचं एक गुलाबी पीस अजून आहे,
रंग ओला असताना चिकटलेलं.

मर्लच का, यावर बैठक झाली होती.
सैनिक काढा, म्हणाले. मेंढ्या काढा, म्हणाले.
मग लोथर हेन्शके उठला, जो सहसा उठत नाही :
एकेचाळीस सुग्या तिनं वजनकाट्यावर काढल्या.
माझा एक किलो इकडचा तिकडे केला नाही.
माझ्या बापाचाही नाही,
आणि बाप तर चोर होता.
हात वर झाले.

आता आठवड्याला दोन बस येतात.
मान मागे टाकून फोटो काढतात,
मग बेकरीत सॉसेज रोल खातात.
काउंटरमागे सुटे पैसे मोजणारी म्हातारी
ती हीच, हे कुणाला कळत नाही.
निदान नाक तरी ओळखावं.
‘फार सुंदर. कोण होती ती?’
होती, म्हणतात.
मर्ल सॉसची बाटली पुढे सरकवते.
‘होती कुणीतरी. वजन करायची.’

आणखी काय? म्युझियम आहे,
किल्ली पबमध्ये मागा, कुत्रं चावत नाही.
तळं आहे, पाणी नाही.
फुटबॉलचा संघ चार गावांत मिळून एक,
तरी गोलकीपर नसल्यासारखा खेळतो,
आणि आमच्या फुटबॉलमध्ये गोलकीपर नसतोच.

डिसेंबरात या. रात्रभर ट्रक चालतात,
भुसा दिव्यांभोवती फिरतो,
गाव झोपत नाही.
काटा आता आपोआप चालतो, कार्ड लावलं की झालं.
मागच्या सुगीत, ट्रकांच्या मधल्या वेळात,
मर्ल त्या काट्यावर जाऊन उभी राहिलेली मी पाहिली.
एकटी, पिशवी हातात.
तो वीसवीस किलोंनीच मोजतो.
साठ दाखवी, मग ऐंशी, परत साठ,
त्याला तिचं काही ठरवता येईना.
ती वर आपल्या चेहऱ्याकडे बघत नव्हती,
आकड्याकडे बघत होती, चिडून.
सकाळी दुरुस्तीवाल्याला फोन केला म्हणे,
बेकरीतूनच.

बावन्न डॉलर झाले. कार्ड इथं लावा.
सायलो उजवीकडे, रेल्वेरूळ ओलांडून.
बेकरी तीनला बंद होते.